सर्व्हरवरील नवी फाइल-व्यवस्था : मांडणी व जोडणी



संगणकाला नवी डिस्क बसविली की साठवणुकीची जागा वाढली, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. डिस्क बसविल्याने लोखंड वाढते, जागा वाढत नाही. त्या लोखंडावर काय कोठे ठेवले याची नोंद ठेवण्याची पद्धत आखावी लागते आणि मग ती जागा चालू यंत्रणेला जोडून द्यावी लागते. पहिल्या कामाला फाइल-सिस्टिम निर्माण करणे म्हणतात, दुसऱ्याला माउंट करणे. प्रस्तुत लेखात मी पहिलीला फाइल-व्यवस्था आणि दुसऱ्याला जोडणी असे शब्द वापरणार आहे. आज्ञा मात्र जशा आहेत तशाच, देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाच्या, हे ध्यानात असावे. जेथे मोठे अक्षर हवे तेथे मी तसे सांगेन.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. आपल्या या अंकाचे, मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांसह, जुने वार्षिक अंक गेली काही वर्षे ग्रंथालयात पानापानाने टिपून संगणकात साठविले जात आहेत. बेळगावच्या पावसाळ्यात जुन्या कागदाचे काय होते ते सांगावयास नकोच. काही वर्षांचे अंक तर ग्रंथालयात नव्हतेच. ते माजी विद्यार्थ्यांच्या घरून मागून आणले, पाने टिपली आणि साभार परत केले. त्यांतील काही बिऱ्हाडे पुढे पुण्याला, बंगळुरूला हलली. म्हणजे त्या अंकांची जी चित्रे आपल्या सर्व्हरवर आहेत, तीच आपल्यापाशी उरलेली प्रत. ज्या डिस्कवर ती होती ती काठोकाठ भरत आली, म्हणून ४ टीबीची नवी डिस्क आणावी लागली. जुनी आणि नवी डिस्क एकाच पेटीत शेजारी शेजारी, आणि नव्या डिस्कवर मांडणी करणारी आज्ञा अशी की, एक अक्षर चुकले तर तीच मांडणी ती जुन्या डिस्कवर करील. हे काम करताना जे जे पाहावे लागले, ते येथे लिहितो आहे.

निपाणीकडच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट उपमेने चटकन समजेल. तंबाखूची वखार डोळ्यांसमोर आणा. चार भिंती आणि छप्पर असले म्हणजे वखार झाली काय? आत भिंत घालून खण पाडावे लागतात, कोणत्या थप्पीत कोणाचा माल, किती पोती, कोणत्या प्रतीची, हे लिहिणारी वही लागते, आणि सर्वांत शेवटी रस्त्याकडे उघडणारे दार लागते. तंबाखूवर १९४३ साली केंद्राचा अबकारी कर बसल्यानंतर तर मालापेक्षा वहीलाच महत्त्व आले होते, असे जुने लोक सांगत. डिस्कचेही तसेच आहे. भिंती म्हणजे पार्टिशन, वही म्हणजे फाइल-व्यवस्था आणि दार म्हणजे जोडणी. उपमा एका बाबतीत मात्र अपुरी पडते. वखारीतली वही जळली तरी पोती डोळ्यांना दिसतात. डिस्कवरची वही गेली की माल जागच्या जागी असूनही तो कोणाचा, कोठे सुरू होतो नि कोठे संपतो, हे सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट ओळख पटविण्याची, आणि माझ्या मते निम्मे काम हेच आहे. लिनक्समध्ये प्रत्येक डिस्क ही एका फाइलसारखी दिसते आणि तिला नाव मिळते ते '/डेव्ह/एसडीए', '/डेव्ह/एसडीबी', '/डेव्ह/एसडीसी' असे. नव्या धर्तीच्या एनव्हीएमई डिस्कांची नावे 'एनव्हीएमई०एन१' अशी असतात. या नावांतले शेवटचे अक्षर कायमचे नसते, हे पुष्कळ पुस्तकांत एका ओळीत उरकलेले असते. येथे मी जरा थांबणार आहे. संगणक सुरू होताना ज्या क्रमाने डिस्का सापडतात त्या क्रमाने अक्षरे वाटली जातात. आपल्याकडे सर्व्हर बंद करण्यापूर्वी मूळ यंत्रणेची डिस्क 'ए' होती आणि जुन्या अंकांची 'बी'. नवी डिस्क बसवून सर्व्हर पुन्हा सुरू केला तेव्हा नवी 'बी' झाली होती आणि जुने अंक 'सी' वर गेले होते. क्रम उलटाही लागू शकला असता. 'नवी डिस्क शेवटी बसविली म्हणजे शेवटचे अक्षर तिचे' असा सरळ हिशेब जो करील तो एखाद दिवशी पस्तावेल.

म्हणून डिस्क पेटीत बसविण्यापूर्वीच तिच्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. तसा तो आम्ही घेतला होता. मग 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यावी. ती सर्व डिस्का, त्यांचे खण आणि प्रत्येक खण कोठे जोडलेला आहे हे झाडाच्या फांद्यांसारखे दाखविते. तिला '-ओ' या पर्यायापुढे 'नेम, साइज, मॉडेल, सीरियल' असे स्तंभ मागितले, की डिस्कचा अनुक्रमांकही पडद्यावर येतो. कागदावरचा आणि पडद्यावरचा आकडा जुळेपर्यंत पुढची आज्ञा टंकू नये. मी ग्रंथालयातील सहकाऱ्यांना कागद वाचावयास सांगितले आणि पडदा मी वाचला. दोघांनी एकच कागद पाहिला असता तर त्या तपासणीला अर्थ नव्हता. '-एफ' हा पर्याय दिला तर कोणत्या खणावर कोणती फाइल-व्यवस्था आधीच आहे तेही दिसते. नव्या डिस्कपुढे तो रकाना रिकामा असला पाहिजे.

येथे एक शंका विद्यार्थी हमखास विचारतात. डिस्क ४ टीबीची, पण पडद्यावर आकडा ३.६ चा. दुकानदाराने फसविले काय? मुळीच नाही. डिस्क बनविणारे १ टीबी म्हणजे १० चा १२ वा घात एवढे बाइट धरतात. ही आज्ञा २ चा ४० वा घात धरून भागते. भागाकार करून पाहावा, ३.६३८ येतो.

खण पाडण्याविषयी थोडक्यात. जुनी पद्धत एमबीआर. तिच्या तक्त्यात जागेचे आकडे ३२ बिटांत लिहिलेले असतात आणि ५१२ बाइटांचा एक भाग धरला, तर २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ म्हणजे सुमारे २.२ टीबीच्या पलीकडे तिला मोजताच येत नाही. ४ टीबीच्या डिस्कवर ती वापरणे म्हणजे जवळजवळ अर्धी वखार कुलूपबंद ठेवणे होय. म्हणून जीपीटी. 'पार्टेड' या साधनाने आधी जीपीटीचा तक्ता घातला आणि सुरुवातीचा १ एमआयबी सोडून उरलेल्या सर्व जागेचा एकच खण केला. त्याचे नाव 'एसडीबी१'. हा १ एमआयबी वाया गेला असे मानू नये. डिस्कचे भौतिक भाग आता बहुधा ४०९६ बाइटांचे असतात आणि खणाची सुरुवात त्यांच्या कडेशी जुळली नाही, तर प्रत्येक लेखनात डिस्कला दुप्पट श्रम पडतात.

आता मुख्य प्रश्न. कोणती फाइल-व्यवस्था? त्यासाठी थोडा इतिहास पाहू. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सचा पाया घातला तेव्हाच फाइल-व्यवस्थेची कल्पना त्याच्या केंद्रस्थानी होती. लिनस टोरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले, त्यात प्रारंभी मिनिक्सची फाइल-व्यवस्था उसनी घेतलेली होती. तिची कमाल मर्यादा ६४ एमबी, आणि फाइलचे नाव फार तर १४ बाइटांचे. रेमी कार्ड याने १९९२ मध्ये 'ईएक्सटी' आणि १९९३ मध्ये 'ईएक्सटी२' तयार केली. २००१ मध्ये 'ईएक्सटी३' लिनक्सच्या गाभ्यात आली, तिने रोजकीर्द दिली. ती काय ते पुढे सांगतो. डिसेंबर २००८ मध्ये 'ईएक्सटी४' पक्की झाली, आणि आपण तीच निवडली. दुसरा चांगला उमेदवार 'एक्सएफएस'. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९३ मध्ये तिचे काम सुरू केले आणि रेड हॅटने २०१४ च्या आपल्या सातव्या आवृत्तीपासून तिलाच पहिली पसंती दिली. फार मोठ्या फाइली आणि फार मोठ्या डिस्का यांना ती उत्तम. परंतु ईएक्सटी४ वाढविता येते तशी, सोडवून ठेवली असता, लहानही करता येते. एक्सएफएसचे क्षेत्र लहान करणे व्यवहारात जमत नाही. महाविद्यालयात आज एका विभागाला दिलेली जागा उद्या दुसऱ्याला द्यावी लागते. मला हे कारण पुरेसे वाटले. ज्यांना वाटणार नाही त्यांच्याशी माझे भांडण नाही.

मांडणीची आज्ञा 'एमकेएफएस.ईएक्सटी४'. तिच्यापुढे पर्याय आणि शेवटी खणाचे नाव, '/डेव्ह/एसडीबी१'. ही आज्ञा काय करते? खणाचे ती १२८ एमआयबीचे गट पाडते. प्रत्येक गटात ४०९६ बाइटांचे ३२,७६८ ठोकळे. व्यवस्थेची मूळ माहिती, म्हणजे आकार, ठोकळ्यांची संख्या, ओळख-क्रमांक वगैरे, ज्यात असते त्या नोंदीस सुपरब्लॉक म्हणतात. ती सुरुवातीला लिहिली जातेच, पण तिच्या प्रतीही निवडक गटांत ठेविल्या जातात : पहिला गट आणि ३, ५, ७ यांचे घात असलेले गट. म्हणून आज्ञा चालताना पडद्यावर ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६ असे आकडे झरझर जातात. विद्यार्थी ते पाहतही नाहीत. हे आकडे त्या प्रतींचे पत्ते आहेत. मूळ सुपरब्लॉक खराब झाला, तर 'ई२एफएससीके' या तपासनिसाला '-बी ३२७६८' असे सांगून पहिल्या प्रतीवरून व्यवस्था उभी करता येते. आम्ही ते आकडे लिहून सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवून ठेविले.

यानंतर आयनोडचे तक्ते. आयनोड म्हणजे वहीतील एका फाइलपुरते पान. त्यावर फाइलचा आकार, मालक, परवाने, वेळा आणि तिचे ठोकळे कोठे आहेत हे लिहिलेले असते. नाव मात्र त्यावर नसते! नाव असते डिरेक्टरीत, आणि त्या नावापुढे फक्त आयनोडचा क्रमांक. म्हणूनच एका फाइलला दोन नावे देता येतात, आणि म्हणूनच एका डिरेक्टरीतून त्याच खणातील दुसरीत हलविताना २५ जीबीची फाइलही क्षणात हलते. हलते ते फक्त नाव. साधारणपणे दर १६,३८४ बाइटांमागे एक आयनोड आखला जातो. ४ टीबीला भागून पाहा, सुमारे २४ कोटी ४१ लक्ष पाने होतात. प्रत्येक पान २५६ बाइटांचे. म्हणजे वहीच ६२.५ जीबीची, जागेचा बरोबर चौसष्टावा हिस्सा. आपल्या टिपलेल्या पानांची एकेक फाइल २० ते ३० एमबीची आहे, तेव्हा एवढी पाने आपल्याला कधीच लागणार नाहीत. '-टी लार्जफाइल' (येथे 'टी' मोठी) असे सांगितले तर दर १ एमआयबीमागे एकच आयनोड आखला जातो आणि वही चौसष्टपटीने लहान होते. उलट ज्या सर्व्हरवर लक्षावधी चिमुकल्या फाइली पडतात, टपालाच्या सर्व्हरसारख्या, तेथे जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात आणि 'जागा नाही' अशी तक्रार येते. 'डीएफ -एच' ही आज्ञा जागा दाखविते, 'डीएफ -आय' आयनोड. दोन्ही पाहावीत. आयनोडची संख्या ईएक्सटी४ मध्ये नुसती मागाहून वाढविता येत नाही. ती मांडणीच्या वेळीच ठरवावी लागते.

आणखी एक पर्याय, '-एम'. काही न सांगता मांडणी केली तर शेकडा ५ भाग जागा मूळ प्रशासकासाठी राखून ठेविली जाते. मूळ यंत्रणेच्या डिस्कवर हे शहाणपणाचे आहे, कारण डिस्क भरली तरी प्रशासकाला आत शिरून साफसफाई करता आली पाहिजे. पण केवळ माल ठेवण्याच्या ४ टीबी डिस्कवर ५ टक्के म्हणजे २०० जीबी होतात. आम्ही '-एम १' दिले.

आता नावाचा प्रश्न, आणि येथे दोन लिप्यांत छापल्या जाणाऱ्या आपल्या अंकाला खास रस वाटावा. '-एल' (मोठे) या पर्यायाने खणाला एक नाव देता येते. ईएक्सटी४ मध्ये ते जास्तीत जास्त १६ बाइटांचे, एक्सएफएसमध्ये १२. रोमन लिपीत एक अक्षर एक बाइट. देवनागरीचे मात्र यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सर्व स्वतंत्र चिन्हे. 'निपाणी' लिहा : न, ऱ्हस्व वेलांटी, प, काना, ण, दीर्घ वेलांटी, सहा त्रिक अठरा. मावत नाही. 'बेळगाव' लिहा, तेही अठराच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरात असलेले 'बेळगावी' हे नाव कन्नड लिपीत सात चिन्हांचे, म्हणजे एकवीस. कन्नड चिन्हही तीनच बाइटांचे असते. तेव्हा या दोन गावांपैकी कोणतेच नाव कोणत्याच लिपीत डिस्कला देता येत नाही. 'वखार' मात्र चार चिन्हांचे, बाराच बाइट. आमच्या डिस्कचे नाव 'वखार' पडले ते असे.

फाइलच्या नावाची मर्यादा ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइट. देवनागरीत वा कन्नडमध्ये ८५ चिन्हे. ही पुरेशी वाटतात, पण जोडाक्षरे भराभर बाइट खातात. 'राष्ट्रीय' या शब्दातील 'ष्ट्री' एवढेच अठरा बाइटांचे आहे. लेखाचे पूर्ण शीर्षक आणि लेखकाचे नाव फाइलला द्यावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याला 'नाव फार लांब' असे उत्तर आले, त्याचे कारण हेच.

याहून सूक्ष्म अडचण 'ऱ' या अक्षराची. युनिकोडमध्ये 'ऱ' एका चिन्हानेही लिहिता येतो आणि साधा 'र' अधिक खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ईएक्सटी४ मात्र नाव वाचीत नाही, बाइट मोजते. त्यामुळे एकाच डिरेक्टरीत 'कऱ्हाड' नावाच्या दोन वेगळ्या फाइली गुण्यागोविंदाने नांदू शकतात आणि शोधणाराला एक सापडते, दुसरी नाही. कन्नड विभागानेही गाफील राहू नये. तेथे 'कोल्हापूर' लिहिताना लागणारे ऱ्हस्व ओकाराचे चिन्ह असेच एक किंवा दोन तुकड्यांनी लिहिता येते. आपल्या संग्रहात म्हणूनच फाइलचे नाव म्हणजे वर्ष, विभाग आणि पान यांचे आकडे, एवढेच ठेविले आहे आणि शीर्षके वेगळ्या तक्त्यात. विशेष असे की, ज्या केन थॉम्प्सनने युनिक्सची फाइल-व्यवस्था आखली, त्यानेच रॉब पाईकसह १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही पद्धतही बसविली. नावाकडे केवळ बाइटांची माळ म्हणून पाहण्याच्या त्या जुन्या धोरणामुळेच मराठी आणि कन्नड नावे फाइल-व्यवस्थेत काहीही न बदलता चालू शकली. एरव्ही साध्या बाइटक्रमाने लावली असता यादीत मराठी नावे आधी येतात, कन्नड नंतर. युनिकोडच्या तक्त्यात देवनागरीला आधीचे घर मिळाले एवढेच त्याचे कारण. कोणी अभिमान वा खेद मानू नये.

रोजकीर्द राहिली. वळवाच्या पावसात वीज जाते, हे आपल्याकडे नवे नाही. फाइल लिहिताना आयनोड, डिरेक्टरी आणि मोकळ्या जागेचा नकाशा अशा अनेक ठिकाणी बदल करावे लागतात, आणि ते अर्ध्यावर असता वीज गेली तर वही आणि माल यांचा मेळ राहत नाही. ईएक्सटी२ च्या काळी मग सबंध डिस्क तपासावी लागे. मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागत. ईएक्सटी३ पासून हे बदल आधी कीर्दीत लिहिले जातात आणि मग खतावणीत मांडले जातात. व्यापाऱ्याच्या पेढीवर वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. वीज परत आली की कीर्दीतल्या पुऱ्या नोंदी खतावणीत चढतात, अपुऱ्या सोडून दिल्या जातात. पण ध्यानात घ्या, नेहमीच्या पद्धतीत कीर्दीत फक्त वहीतले बदल असतात, माल नव्हे. त्या क्षणी टिपले जात असलेले पान जाऊ शकते. व्यवस्था जात नाही.

मांडणीची आज्ञा अर्ध्या मिनिटात संपली तेव्हा काही विद्यार्थ्यांना शंका आली की ती नीट झाली नसावी. आयनोडचे बरेचसे तक्ते ती लगेच पुसत नाही; पहिल्या जोडणीनंतर गाभा ते काम मागे हळूहळू उरकतो. आणि चुकीच्या खणावर ती चालविली असती तर? तो खण जोडलेला असेल तर आज्ञा नकार देते. जोडलेला नसेल आणि त्यावर जुनी व्यवस्था दिसली, तर 'पुढे जाऊ काय' एवढे ती विचारते. एका प्रश्नाचे रक्षण. घाईत असलेला मनुष्य प्रश्न वाचीत नाही, 'वाय' दाबतो.

आता जोडणी. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला 'सी', 'डी' असे वेगळे अक्षर मिळते. युनिक्सच्या कुळात एकच वृक्ष असतो, मूळ '/', आणि नवी डिस्क त्याच्या एखाद्या फांदीवर कलम करावी लागते. 'माउंट' हा शब्द आला तो मोठमोठी फितीची रिळे आणि डिस्कांच्या चवडी यंत्रावर हाताने चढवीत असत त्या काळातून. कलम करण्यासाठी एक रिकामी डिरेक्टरी लागते. आम्ही 'एमकेडीआयआर' आज्ञेने '/एसआरव्ही/वखार' केली. ती रिकामी का असावी? कारण जोडणी झाली की तिच्यातले आधीचे सामान दिसेनासे होते. नष्ट होत नाही, पडद्यामागे जाते. जोड काढला की पुन्हा दिसते.

यातूनच एक फसवी अडचण उद्भवते. समजा एखाद्या सकाळी डिस्क जोडलीच गेली नाही. डिरेक्टरी तर आहेच. पाने टिपणारी मुले नेहमीप्रमाणे काम करतील आणि फाइली मूळ यंत्रणेच्या डिस्कवर पडत राहतील, ती भरेपर्यंत. यावर सोपा उपाय आहे. जोडणीपूर्वी त्या रिकाम्या डिरेक्टरीला 'सीएचएटीटीआर +आय' ही आज्ञा लावून ती अपरिवर्तनीय करावी. मग डिस्क नसेल तर लिहिणे तेथेच अडते आणि तक्रार लगेच येते. हा उपाय पाठ्यपुस्तकांत क्वचित आढळतो. मला तो फार उपयोगी वाटतो.

'माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एसआरव्ही/वखार' एवढे म्हटले की जोडणी झाली. डिरेक्टरीत 'लॉस्ट+फाउंड' असे एक दालन आपोआप दिसते. तपासनिसाला नाव नसलेल्या फाइली सापडल्या तर तो त्या तेथे ठेवितो. नव्या व्यवस्थेचा मालक मूळ प्रशासक असतो, म्हणून 'सीएचओन' ने ती ग्रंथालयाच्या गटाच्या स्वाधीन करावी लागते, आणि हे जोडणीनंतर करावे. आधी केले तर मालकी बदलते ती पडद्यामागच्या डिरेक्टरीची.

ही जोडणी सर्व्हर बंद होईपर्यंतच टिकते. कायमची करावयाची तर '/ईटीसी/एफएसटॅब' या फाइलीत एक ओळ घालावी लागते. तिच्यात सहा रकाने : कोणता खण, कोठे, कोणती व्यवस्था, कोणते पर्याय, जुन्या प्रतिलिपी-साधनासाठी एक आकडा आणि तपासणीचा क्रम. खणाच्या रकान्यात 'एसडीबी१' लिहू नये. अक्षरे कशी फिरतात ते वर पाहिलेच. मांडणीच्या वेळी प्रत्येक व्यवस्थेला ३२ षोडशमान अंकांचा एक यूयूआयडी मिळतो, 'बीएलकेआयडी' आज्ञेने तो दिसतो, आणि तोच लिहावा. आपल्या जुन्या अंकांची डिस्क 'बी' वरून 'सी' वर गेली तरी आपल्या जागी बिनबोभाट जोडली गेली, ती या यूयूआयडीमुळेच. आमची ओळ शेवटी अशी झाली : 'यूयूआयडी=…', '/एसआरव्ही/वखार', 'ईएक्सटी४', 'डिफॉल्ट्स,नोफेल', '०', '२'.

'नोफेल' विषयी दोन शब्द. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सध्याच्या बहुतेक लिनक्सांत यंत्रणा दीड मिनिट वाट पाहते आणि मग सुरू होण्याचेच थांबवून प्रशासकाला हाक मारते. एका संस्थेत एफएसटॅबमध्ये एक चुकीची ओळ राहिली, ती कोणाला कळली नाही, आणि तीन महिन्यांनी वीज जाऊन आल्यावर सर्व्हर उठेना. तोवर ती ओळ लिहिणारे गृहस्थ बदलून गेले होते. म्हणून ओळ लिहिताच 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' चालवावे, जोड काढावा, आणि 'माउंट -ए' ने एफएसटॅबवरूनच पुन्हा जोडून पाहावे. जे चुकायचे ते माणूस जागेवर असतानाच चुकलेले बरे.

पुढे 'आरसिंक -ए' ने जुने अंक नव्या वखारीत आणले. नकल झाली म्हणून थांबलो नाही. दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलीचा 'एसएचए२५६सम' काढून याद्या ताडून पाहिल्या. त्याला दुपार ते संध्याकाळ लागली. जुनी डिस्क सोडविण्याची आज्ञा 'यूमाउंट'. इंग्रजी शब्दातला 'एन' तिच्यात नाही, प्रत्येक वर्गात निम्मी मुले तो घालतात. प्रथम 'लक्ष्य व्यग्र आहे' असे उत्तर आले. 'एलएसओएफ' ने पाहता, कन्नड विभागाचे एक संपादक-विद्यार्थी १९८१ चा अंक उघडून निपाणीच्या तंबाखू आंदोलनाच्या वर्षी कोणी काय लिहिले ते वाचीत बसले होते. त्यांचे पान वाचून होईपर्यंत थांबलो, मग डिस्क सोडविली, पेटीतून काढली, आणि अनुक्रमांकाचा तोच कागद तिच्याभोवती गुंडाळून ती ग्रंथालयाच्या नव्हे तर दुसऱ्या इमारतीतील कार्यालयाच्या कपाटात ठेविली आहे.